चातीचं तेल

मुलुंड पूर्वेच्या त्या कॉलनीत सकाळी दूध यायच्या आधी नलिनी सावंतचा आवाज यायचा. कोणी तिच्या गाडीच्या मागे स्कूटर लावली, म्हणून आवाज. कोणी वरून चहाचा चोथा टाकला आणि तो बॉनेटवर पडला, म्हणून आवाज. काहीच घडलं नसेल, तर सगळे एवढे शहाण्यासारखे का वागताहेत म्हणून जरा कमी आवाज. नलिनी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन लावून ‘लाइन बिझी आहे, साहेब, थोडं थांबा’ असं मधाळ बोलायचं, पलीकडच्याने आईबहीण काढली तरी मधाळच बोलायचं, अशी ती नोकरी. वर्षानुवर्षं गिळलेलं कुठेतरी बाहेर पडणारच. पण कॉलनीला एवढा विचार करायला फुरसत नव्हती. कॉलनी तिला ‘तोफखाना’ म्हणायची आणि खिडक्या लावून घ्यायची.

तोफा डागायची जागा म्हणजे तिची पांढरी फियाट. कामावर निघायच्या आधी नलिनी पदर कमरेला खोचून बॉनेट उघडायची. इंजिन थंड असतानाच. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालून परत काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे ना, ते उजेडात धरून बघायची. मग रेडिएटरचं पाणी. मग पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून. मग ब्रेकच्या तेलाची पांढरी बाटली आणि तिच्यावरची रेघ. बॅटरीत नळाचं पाणी घालणाऱ्या माणसांबद्दल तिची मतं इथे लिहिण्यासारखी नाहीत. टायर चारच नाहीत, डिकीतली स्टेपनी धरून पाच, हे ती कुणालाही थांबवून सांगायची. शेवटी आत बसून ब्रेक दोनतीनदा दाबायचा, पाय कुठे थांबतो ते बघायचं, आणि मगच सेल्फ मारून गाडी चालू.

“बाई, ही गाडी आहे की सासू? केवढी बडदास्त!” असं दुसऱ्या मजल्यावरचा एकजण एकदा गॅलरीतून म्हणाला.

“सासू एकटी मरते हो,” नलिनी खालूनच म्हणाली. “गाडी चौघांना घेऊन मरते.”

त्यानंतर त्याने गॅलरीत उभं राहायचंच सोडलं.

ही गाडी मुळात तिच्या नवऱ्याची, जयवंतची. बुकिंगचा नंबर लागायला कितीतरी वर्षं गेली आणि गाडी दारात आली तेव्हा जयवंतने सगळ्या इमारतीला पेढे वाटले. दर रविवारी तो ती गाडी पुसायचा. मऊ फडकं वेगळं, काचेचं फडकं वेगळं, चाकाच्या वाट्यांना वेगळं. बॉनेट मात्र त्याने जन्मात उघडलं नाही. आत हात काळे होतात. त्याचं स्वतःचंही तसंच होतं. शर्टाला कडक इस्त्री, केसांना तेल, बुटांना पॉलिश, आणि छातीत दुखलं की “गॅस असेल गं.” एका रविवारी तो फडकं हातात घेऊनच गाडीच्या दाराशी खाली बसला आणि उठला नाही. दिवसकार्य झाल्यावर नलिनीने गाडी गॅरेजात नेली, तर मेकॅनिक अंबादास पट्टी बाहेर काढून म्हणाला, “बाई, ह्यात ऑइल नावाला पण नाही. अजून चार फेऱ्या मारल्या असत्या तर इंजिन बसलं असतं.”

नलिनी तिथेच रडली, आणि रडता रडता तिला भयंकर राग आला. जयवंतचा आला. वरून पुसणाऱ्या सगळ्या दुनियेचा आला. तो राग पुढे कधी उतरला नाही. तिने गाडी विकली नाही, ड्रायव्हिंग शिकली, अंबादासच्या मागे लागून आतलं सगळं समजून घेतलं, आणि ज्याने बॉनेट उघडलं नाही त्याला माणसांत धरायचं नाही असं ठरवून टाकलं.

आता लवू. लवू म्हणजे जयवंतचा धाकटा भाऊ, तिचा दीर. राहायला भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत, बायको मालन आणि दोन पोरं. लवू गिरणीत साचाखात्यात तेलवाला होता. साचा म्हणजे सूत कातायचं यंत्र; त्याच्या हजारो चात्या, सूत गुंडाळणारे दांडे, गरगर फिरत असतात, त्या तापू नयेत म्हणून त्यांना तेल देत फिरायचं. दिसायला हलकं काम, पण एक चाती कोरडी राहिली तर सूत तुटतं आणि मुकादम बाप काढतो. लवू नुसत्या आवाजावरून कोरडी चाती ओळखायचा. खंडेनवमीला खात्यात साच्यांची पूजा व्हायची, झेंडूची तोरणं लागायची, आणि पूजा झाली की पहिलं तेल तेलवाल्याने आपल्या हाताने घालायचं. मग मुकादम स्वतः त्याच्या हातात नारळ द्यायचा. वर्षातून एक दिवस सगळं खातं लवूकडे बघत उभं राहायचं.

मग संप झाला. संपाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीचं फाटक उघडलंच नाही. लवूने भाजी विकून पाहिली, वॉचमनची पाळी केली, दोन्हींत जमलं नाही. शेवटी नलिनीनेच त्याला म्हटलं, “घरात बसून बायकोचं तोंड बघू नकोस. ये इकडे, गाडी शिकवते.”

आणि शिकवली. मुलुंडच्या आतल्या रस्त्यांवर दर सुट्टीच्या दिवशी शिकवली. पण नलिनीचं शिकवणं म्हणजे काय ते कॉलनीने खिडकीतून पाहिलं होतं. “क्लच! अरे क्लच म्हटलं ना, कान आहेत की भजी?” लवूने तोंड उघडलं की, “मध्ये बोलू नको. सांगते तेवढं कर.” बॉनेटपाशीही तेच. “ही रेघ बघ. बाटलीतलं तेल ह्या रेघेच्या खाली जाता कामा नये. गेलं तर माणूस गेला. कळलं? पुढे चल.” लवू मान हलवायचा. मान हलवणं त्याला गिरणीपासून जमत होतं.

लायसन्स झालं आणि नशिबाने जागाही निघाली. डॉक्टर अनुपमा म्हणून मुलुंडमध्ये बाळंतपणाचं हॉस्पिटल चालवायच्या. नलिनीची त्यांच्याशी चांगली ओळख. त्यांच्या आधीच्या ड्रायव्हरने ऑइल न बघता गाडी पळवून इंजिन जॅम केलं होतं, आणि अडलेल्या बाईकडे जाताना डॉक्टर रस्त्यात अडकल्या होत्या. “मला चकाचक गाडी नको,” त्या म्हणाल्या, “सकाळी आत बघणारा माणूस हवा.”

“माझा दीर घ्या,” नलिनी म्हणाली. “गाडी तपासल्याशिवाय सेल्फला हात लावणार नाही. माझा शब्द.”

ठरलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर डॉक्टर येणार, लवूबरोबर नलिनीच्याच फियाटमधून एक फेरी मारणार आणि दुसऱ्या दिवसापासून तो कामावर. मालनने ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. कित्येक दिवसांत तिच्या घरात पहिल्यांदा कोणी साखर ‘ठेवण्या’इतकी विकत आणली होती.

खंडेनवमीच्या संध्याकाळी लवू गाडी धुवायला आला. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आला. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, लिंबू-मिरची बांधली आणि निघून गेला. नलिनीने वरून माळ पाहिली आणि ‘पुन्हा आपलं वरून सजवणं’ असं म्हणून नाक मुरडलं. तरी तिला बरंच वाटलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी लवू, मालन आणि पोरं नवे कपडे घालून हजर. कॉलनीतल्या सगळ्या गाड्यांना हळदकुंकू लागत होतं, कोणी चाकाखाली लिंबं ठेवत होतं. नलिनीने सवयीप्रमाणे पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. ऑइल ठीक. पाणी ठीक. ब्रेकची बाटली काठोकाठ.

ती थांबली. काल ती बाटली रेघेच्या जरा खाली आली होती, आणि सणामुळे दुकान बंद म्हणून तिने आज अंबादासकडून आणायचं ठरवलं होतं. झाकण काढून पाहिलं, तर खाली जुनं पिवळसर तेल आणि वर पाण्यासारखा स्वच्छ वेगळा थर. मध्ये सरळ रेघ. तिने बोट बुडवलं, नळाखाली धरलं. ब्रेकचं तेल पाण्याने धुऊन जातं. हे बोटाला चिकटून बसलं, पाण्याचे थेंब वरून घरंगळले. ती गाडीत बसली आणि ब्रेक दाबला. दाबलेला पाय वर आला, पण पायाखालचं पेडल आळसावल्यासारखं मागून आलं.

“कोणी हात लावला ह्याला?” अख्ख्या कॉलनीला ऐकू गेलं.

लवू पुढे झाला. तो हसत होता, हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट. “वयनी, मियाच घातलंय. काल खंडेनवमी नाय? पयला तेल घातलंय माझ्या हातान. तेल कमी झाल्ला, रेघेच्या खाली. म्हटलंय, भरूया.”

“कसलं तेल?”

“चातीचा. एक बाटली जपून ठेवलंय गिरणीतली. पाण्यासारखा पातळ. त्येच्यापेक्षा चांगला तेल नसता, वयनी.”

गिरणी बंद झाल्यापासून घरात देव्हाऱ्यामागे जपलेली ती बाटली होती. लवूने ती विकली नव्हती, अडीनडीलाही काढली नव्हती. एवढं कळायला नलिनीला क्षणभर थांबावं लागलं असतं, आणि थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“अरे मूर्खा! ब्रेकमध्ये रबरं असतात आत, रबरं! ह्या तुझ्या तेलाने ती फुगून बसतात, पाय दाबला तर गाडी थांबत नाही, नाहीतर चाक जाम होऊन उलटी होते! ह्याच गाडीतून डॉक्टरला फिरवणार होतास? ह्याच गाडीतून ही पोरं फिरणार होती?” तिने माळ तोडली आणि जमिनीवर टाकली. “गिरणीची वाट लागली ती लागली, आता माणसांची लाव! तुझी ती गिरणी बंद पडली तेच बरं झालं!”

एरवी खिडक्या लागायच्या, आज एकही लागली नाही. मालनने धाकट्या पोराला जवळ ओढलं. लवूचं हसू मावळलं. तो खाली वाकला आणि झेंडूची फुलं एकेक करून उचलू लागला. नलिनीला वाटलं, काहीतरी बोल रे. भांड तरी. तो भांडला नाही, त्यामुळे तिचा राग आणखी चढला. नलिनी चुकीचं बोलत नव्हती हे खरं. तेल चुकीचंच होतं, ब्रेक फसला असता हेही खरं. पण खरं बोलायला गिरणीपर्यंत जायची गरज नव्हती. एवढी साधी गोष्ट रागावलेल्या माणसाला कळत नाही, आणि कळते तेव्हा उपयोग नसतो.

डॉक्टर आल्या तेव्हा राग अजून उकळतच होता. हे वाईट झालं. तासाभराने आल्या असत्या तर कदाचित निभावलं असतं.

“काय मग, तयार का आमचे ड्रायव्हर?” रिक्षातून उतरत त्या म्हणाल्या. “तुमच्या शब्दावर ठेवतेय हं, नलिनीताई.”

लवू हात पुसत उभा राहिला. मालनने नलिनीकडे पाहिलं. ते पाहणं नलिनीला नंतर कितीही प्रयत्न केला तरी विसरता आलं नाही.

“माझा शब्द मी परत घेते,” नलिनी म्हणाली. “ब्रेकमध्ये गिरणीचं तेल ओतलंय ह्याने. विचारलं नाही, सांगितलं नाही. ज्याला हे कळत नाही त्याच्या हातात मी तुम्हाला देणार नाही. दुसरा माणूस बघा.”

डॉक्टर लवूकडे वळून “सॉरी हं” म्हणाल्या. दसऱ्याच्या शुभेच्छा देऊन निघून गेल्या. त्यांनाही गेल्या वेळचा अनुभव होता, त्यांना तरी दोष कसा देणार?

मालन पोरांना घेऊन सरळ भांडुपला गेली. लवू कुठे गेला ते कोणी पाहिलं नाही. नलिनीने दुपारी श्रीखंडाला हात लावला नाही. ‘मी बरोबर आहे’ हे तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तिला स्वतःचाच कंटाळा आला.

संध्याकाळी दारावर थाप पडली. लवू. हातात आपट्याची पानं. धाकट्या दिराने वहिनीला सोनं द्यायचं ही रीत, ती त्याने चुकवली नाही. त्याने पान तिच्या हातावर ठेवलं आणि वाकून पाया पडला.

नलिनीला बरं वाटायला हवं होतं. तिला राग आला. “हे सोनं-बिनं राहू दे. तुला समजत नव्हतं तर मला विचारायचं नाही? मी काय मेले होते? एक मजला वर यायला काय झालं होतं तुला?”

लवू उंबऱ्याबाहेरच उभा होता. “इल्लंय, वयनी,” तो म्हणाला.

“काय?”

“काल विचारूक वर इल्लंय. ह्या तेल चलात काय, म्हणान. दारापर्यंत इल्लंय. तुमी आतसून कोणावर तरी फोनवर वराडत होतास.” तो खाली बघत होता, आवाजात तक्रार नव्हती. “म्हटलंय, आता नको. माका पन बोलतीत. आणि तेलातला माका थोडा तरी कळता, म्हणान घातलंय.”

नलिनीने तोंड उघडलं. ‘म्हणून काय झालं’ एवढंच तिच्या जिभेवर होतं. काल संध्याकाळी ती फोनवर लाँड्रीवाल्यावर ओरडत होती. एक परकर हरवला होता. परकर पलंगाखाली सापडला होता.

“येतंय,” लवू म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्या रात्री नलिनी स्वतःवर जेवढी चिडली तेवढी जयवंतवरही कधी चिडली नव्हती. सकाळी उठून ती तडक हॉस्पिटलात गेली. डॉक्टर राउंडवरून आल्या तोवर ती बाकावर ताठ बसून होती.

“चूक माझी आहे,” नलिनी म्हणाली. माफी मागायची सवय नसल्यामुळे तेही ती ओरडूनच म्हणाली, आणि बाकावरच्या दोन गरोदर बायका दचकल्या. “मी शिकवताना त्याला प्रश्न विचारू दिला नाही. माणूस सोन्यासारखा आहे. त्याला ठेवा.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “नलिनीताई, काल दुपारीच मी दुसऱ्याला हो म्हटलं. आज सकाळी तो आला सुद्धा. तुम्ही नको म्हणालात म्हणून. तुमचा शब्द होता म्हणूनच मी थांबले होते, आणि तुमच्याच शब्दावर दुसऱ्याला घेतलं.”

यावर काय ओरडणार? समोर कोणी चुकलेलं नव्हतं. नलिनी उठली आणि चालत घरी आली. वाटेत एका रिक्षावाल्याने तिच्या अंगावर रिक्षा घातली, तरी ती काही बोलली नाही.

कॉलनीत गाडीपाशी अंबादास चाकं काढून बसला होता. लवू सकाळीच भांडुपहून येऊन त्याला घेऊन आला होता. बाटली, नळ्या, सगळं रिकामं करून दोघं नवीन तेलाने आतून धूत होते. अंबादासने आतली रबरं बाहेर काढून कागदावर मांडली होती. नखाएवढी रबरं फुगून बोटाएवढी झाली होती. लवू त्यातलं एक रबर उजेडात धरून बघत होता, दाबून बघत होता, आणि त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. काहीतरी त्याला कळत नव्हतं हे लांबूनही दिसत होतं. रबर कशाने फुगतं, किती वेळात, नवीन तेल कुठल्या नावाचं मागायचं, काहीतरी.

नलिनी त्याच्या बाजूला जाऊन रस्त्यावरच उकिडवी बसली. साडी ऑइलमध्ये बुडाली, तिने बघितलं नाही. हॉस्पिटलचं काय झालं ते तिला सांगता येईना. लवूनेही विचारलं नाही.

“लवू,” ती जमेल तेवढ्या हळू म्हणाली, “काय विचारायचंय ते विचार. मी ओरडणार नाही.”

लवूने मान वर केली. तिच्या तोंडाकडे पाहिलं, गिरणीत मुकादमाकडे पाहायचा तसं, नीट अंदाज घेऊन. मग त्याने रबर कागदावर परत ठेवलं.

“काय नाय, वयनी,” तो म्हणाला.